तंबाखू : नाही

पहिलं ऑपरेशन होऊन दोन तास झाले असतील. एक नर्स घाईघाईनं बाहेर आली आणि म्हणाली, "नरसम्माचं कोण आहे? पेशंटच्या हातांना झटके येतायत." मी हातातली पिशवी बाकावरच टाकून आत धावले. नरसम्मा, म्हणजे आमची नरसक्का, पाठीवर पडलेली, डोळे मिटलेले, तोंडावर मास्क, आणि पोटावर ठेवलेले दोन्ही हात चालू. डाव्या हातात काहीतरी धरलेलं, उजव्या अंगठ्यानं ते पुढं सारून गोल करायचं, तोंड नखानं आत दाबायचं, न दिसणाऱ्या दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि बाजूला ठेवायचं, की लगेच पुढचं. नर्स डॉक्टरांना फोन लावत होती. मी म्हटलं, "थांबा हो. झटके नाहीत ते. विडी वळतेय ती."

मलाच तपासायला हवं अशा नजरेनं नर्सनं माझ्याकडं बघितलं. मग दोन मिनिटं तिथंच उभी राहून तिनं ते हात बघितले आणि फोन खिशात ठेवला. "शुद्धीवर यायच्या आधीच?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षं वळल्यात तिनं, त्याला शुद्ध लागत नाही.

नरसक्का जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. मला मात्र तिची आठवण आली की रडू यायच्या आधी राग येतो. तिचा येतो. डॉक्टर लोकांचा येतो. आणखी एका माणसाचा सगळ्यात जास्त येतो, त्याचं नाव ओघात येईलच.

भवानी पेठेत आमच्या दोन खोल्या आणि तिची एक, मधे एकच भिंत. तिच्या घरात तेलुगू, आमच्या घरात मराठी, आणि भिंतीवरून दोन्ही. माझी आई शिक्षिका, अकराला जायची ती साडेपाचला यायची. माझी शाळा साडेबाराला सुटायची. मधले पाच तास मी नरसक्काच्या उंबऱ्यावर. ती तेव्हा जेमतेम विशीची, नुकती लग्न होऊन आलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मी पाढे म्हणायचे, ती विड्या वळायची. एकोणीसचा पाढा चुकला की ती हात न थांबवता म्हणायची, "मला येत न्हाय ते, पण तू चुकलीस, तुझं आवाज बारीक झालं की." आणि मी खरंच चुकलेली असायची.

सकाळी मात्र तिच्याकडं जायचं नसे. सकाळी ती पायरीवर बसून बोटानं मशेरी लावायची, चांगली वीस मिनिटं, डोळे अर्धे मिटून. त्या वेळात काही विचारलं तर नुसता हात हलवून थांब म्हणायची. दर रविवारी तव्यावर मशेरी भाजायला घेतली की आख्खी गल्ली शिंकायची आणि आई खिडकी लावून घ्यायची. आज रविवार आहे हे आम्हाला त्या वासावरून कळायचं.

तिचा नवरा राजय्या यंत्रमागावर होता. उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्या गालात तंबाखू-चुना. शेवटी त्या गालातच गाठ झाली आणि चाळिशी गाठायच्या आत तो गेला. दिवसपाणी उरकल्यावर नरसक्कानं त्याची तंबाखूची चंची गल्लीत सगळ्यांदेखत पेटवली आणि म्हणाली, "माझ्या तोंडात कदी तंबाखू जानार न्हाय. गेलं तर मी राजय्याची बायको न्हाय." हे तिनं पुढं आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं. विड्या वळताना कुणी बाई सुपातली चिमूट तोंडात टाकताना दिसली तर ती तिला असं झापायची की ती बाई दुसऱ्या दिवशी दुसऱ्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. कुणी उलटून विचारलं, मग तू दिवसभर कशात हात घालून बसतेस, तर उत्तर तयार असायचं. "ते कारखान्याचं हाय. पोटासाठी हात लावतंय मी. तोंड न्हाय लावत."

आणि काही बिघडलं, कुणाचं काही दुखलं, की "एमी कादु." म्हणजे काही होत नाही. माझी दहावीची परीक्षा, आईचं आजारपण, माझं मोडलेलं लग्न, सगळ्याला तिनं एमी कादु म्हटलं होतं. काही वेळा खरंच काही झालं नाही. त्यामुळं तिचा त्या दोन शब्दांवर फार विश्वास बसला होता, आणि माझाही.

तिच्या विड्या कारखान्यातून कधी परत आल्या नाहीत. तपासणारा माणूस मूठभर उचलून बघायचा आणि तिच्या जुड्या न मोजता बाजूला ठेवायचा. वाकडी झालेली विडी ती घरीच मोडून टाकायची. माझंही तसंच होतं. मी शाळेच्या कार्यालयात कारकून, सगळी गल्ली माझ्याकडून फॉर्म भरून घ्यायची. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पेन्शन, दवाखाना. माझ्या फॉर्मवर खाडाखोड नसते आणि मी भरलेला फॉर्म खिडकीवरून परत येत नाही, हा माझा तोरा. नरसक्काला त्याचं कौतुक. कुणी आलं की म्हणायची, "सुमनकडं जा. तिचं अक्षर बघून सायेब उटून उबा ऱ्हातंय."

पंचेचाळीस वर्षं मांडी घालून, सुपावर वाकून बसल्यावर कमरेचं जे व्हायचं ते झालं. आधी नुसती दुखायची, मग दुखणं डाव्या पायात उतरलं. कमरेचा एक मणका पुढं सरकला होता. डॉक्टर म्हणाले, स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके जोडायचे, मधे हाडाचा चुरा भरायचा, काही महिन्यांत ते हाड एकमेकांत जुळून एक होईल. तिची लेक लक्ष्मी भिवंडीला, तिची पोरं लहान. मग मीच रजा काढली. फॉर्म अर्थातच मी भरला. ऑपरेशन झालं, नरसक्का दहा दिवसांत घरी आली आणि दीड महिन्यात पुन्हा सुपावर. मी ओरडले तर म्हणाली, "बसून बसून हात कुजतंय की. एमी कादु."

सहा-सात महिने बरे गेले. मग एके दिवशी ती कारखान्यातून परत आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठं गेली विचारलं तर खाली बघितलं आणि म्हणाली, "अय्यो, ही कदी गेली?" डावी चप्पल पायातून निसटली होती आणि तिला कळलंच नव्हतं. उन्हात, डांबरी रस्त्यावर, अख्ख्या पेठेतून. तळव्याला फोड आले होते, तेही मी दाखवले तेव्हा तिला दिसले. ती हसायला लागली. मी तिचं पाऊल मांडीवर घेऊन फोड पुसत बसले.

या वेळी दुसरे डॉक्टर गाठले. वयस्कर, कमी बोलणारे. फोटो उजेडावर धरून म्हणाले, "हाड जुळलंच नाही. स्क्रू सैल झालेत. नस दाबली जातेय." मी म्हटलं, मग पुन्हा करा ऑपरेशन. तर ते म्हणाले, "बाई, पहिल्यांदा पाठ उघडली तेव्हा सगळ्यांनी पाठच बघितली. दुसऱ्यांदा उघडायची तर आधी अख्खी बाई बघावी लागते. आत जुने व्रण आहेत, वेळ दुप्पट लागणार. साखर अशी राहिली तर जखम पिकेल. हाडं अशी ठिसूळ राहिली तर नवे स्क्रूही ढिले होतील. आणि मुळात पहिल्यांदा का जुळलं नाही हे कळल्याशिवाय मी हात लावणार नाही." साखर तिला होती हे माहीत होतं. किती होती हे कुणी बघितलंच नव्हतं. तीन महिन्यांची सरासरी साडेदहा निघाली.

"आणि पाय?" मी विचारलं. "पाय थांबणार नाही," ते म्हणाले. "म्हणून उशीरही नको. साखर साडेसातवर आणा, तोवर हाडांचं इंजेक्शन चालू करू, मग बघू." म्हणजे थांबलं तर पाय जाणार, घाई केली तर पाठ पिकणार. असं कात्रीत धरून ते पुढचा पेशंट बोलवायला मोकळे झाले. जाता जाता त्यांनी एक काम दिलं. दर आठवड्याला टाच जमिनीवर ठेवून पाऊल वर उचलायला लावायचं आणि किती उचलतंय ते बघायचं.

मी रविवार धरला. दाराच्या चौकटीपाशी खुर्ची मांडायची, नरसक्काची टाच जमिनीवर, आणि अंगठा जिथवर पोचेल तिथं चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारायची. पहिली रेघ जमिनीपासून चार बोटं वर होती.

पुढचे चार महिने आठवले तरी माझं डोकं उठतं. साखरेचे डॉक्टर म्हणायचे, हृदय बघून घ्या. हृदयाचे म्हणायचे, हृदय ठीक आहे पण रक्त कमी आहे. रक्त वाढवायच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, की पोटाचे डॉक्टर. प्रत्येकाची वेगळी फाइल, प्रत्येकाच्या दारात वेगळा नंबर, आणि प्रत्येकजण शेवटी हेच म्हणायचा, माझ्याकडून हरकत नाही, पण त्यांना एकदा विचारा. पाठ एका बाईची आणि ती सहा जणांनी वाटून घेतलेली. कुणीही दुसऱ्याच्या फाइलीतलं पान उलटून बघितलं नाही. ते काम मी करायची, रजेचे अर्ज लिहून लिहून. आमचे मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "तुमच्या कोण लागतात त्या?" शेजारीण म्हटलं.

घरी वेगळी लढाई. तिला भात हवा. तीन वेळा भात, चिंचेचं सार, आणि चहात साखर नाही म्हणून समोर बशीत गूळ. मी भात बंद केला. ज्वारीची भाकरी केली तर म्हणाली, "हे काय गिळत न्हाय मला. घशात आडकतंय." मी म्हटलं, पाय हवाय की भात? तिनं ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "पाय पायजे की. पायानं चालत जाऊन विडी देते मी कारखान्यात. माज्या जागेवर दुसरं कोन बसलं तर मला सोसत न्हाय." मग तिनं भाकरी खाल्ली, रडत-कुढत, पण खाल्ली. पोटात रोज टोचायचं हाडांचं इंजेक्शन ती स्वतः घ्यायला शिकली. सुई धरताना तिची बोटं जराही हलायची नाहीत.

साखर उतरायला लागली. साडेनऊ, मग साडेआठ. आणि चौकटीवरची रेघही उतरायला लागली. चार बोटांची तीन झाली, तिनाची अडीच. रविवारी पेन्सिल हातात घेतली की मी आधी मागच्या रेघा बोटानं मोजायची. ती मात्र खाली न बघताच विचारायची, "किती?" आणि माझी रेघ मारून व्हायच्या आत स्वतःच उत्तर द्यायची, "एमी कादु." शेवटी साखर सात पूर्णांक चारवर आली. तो कागद मी देवापुढं ठेवला. त्या रविवारी रेघ दोन बोटांवर होती. डॉक्टर म्हणाले, करू. गुरुवारी दाखल व्हा.

गुरुवारी फॉर्म भरला. नाव, वय, पत्ता. व्यवसाय: विडी कामगार. मधुमेह: होय. रक्तदाब: नाही. मग व्यसनं. तिच्या तोंडाकडं न बघता मी विचारलं, "तंबाखू?" आणि तिनं नेहमीच्या ठसक्यात सांगितलं, "न्हाय. राजय्या गेल्यापासून शपत हाय." मी लिहिलं, तंबाखू : नाही. सुवाच्य अक्षरात. पहिल्या ऑपरेशनच्या वेळीही हेच लिहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भुलीच्या डॉक्टर आल्या. तरुण मुलगी, अकलूजकडची, बोलण्यात तो हेल होता. छाती तपासली आणि म्हणाली, "आजी, तोंड उघडा. मोठ्ठं. जीभ बाहेर." नरसक्कानं आ केला. त्या मुलीनं बॅटरी मारली, जरा वाकली, ओठ बोटानं खाली ओढला आणि सरळ विचारलं, "आजी, मशेरी लावता?"

"व्हय की," नरसक्का म्हणाली. "दात घासायला नको?"

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. जेवल्यावर. कदी दुपारी डोकं दुकलं तर."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. "मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना हो. माझी आजी लावते, हिरड्या बघूनच कळतं." मग तिनं फॉर्म उघडला. "हा कुणी भरला?"

"मी."

तिनं आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. तिनं पेनाचं टोक एका ओळीवर ठेवलं, मग दोन ओळी खाली. "वर लिहिलंय विडी कामगार. खाली लिहिलंय तंबाखू नाही. अहो ताई, दिवसभर हात तंबाखूत असले तरी ते अंगात जातं. आणि वर ही मशेरी. हाड जुळू देत नाही हे." तिनं लाल पेनानं माझा 'नाही' खोडला.

तर त्या माणसाचं नाव सुमन. मला मशेरी माहीत नव्हती असं नाही. पंचेचाळीस वर्षं त्या वासानं माझे रविवार सुरू झालेत. मशेरी कशाची करतात हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पहिल्या ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या खाटेवर सकाळी ती म्हणायची, "सुमन, डबी दे, तोंड धुवायचंय," आणि मी ती पत्र्याची डबी माझ्या हातानं उघडून द्यायची. झाकण घट्ट बसायचं म्हणून. हाड जुळावं म्हणून मी एकीकडं देवाला हात जोडत होते, आणि दुसरीकडं रोज सकाळी तिला डबी उघडून देत होते. तंबाखू म्हणजे राजय्या खायचा ती. ही आपली नरसक्का दात घासतेय. तिनं तसं मानलं ते मी समजू शकते. मी कारकून आहे.

मोठे डॉक्टर आले, ऐकलं, खुर्चीत बसले. म्हणाले, "आता कळलं पहिल्यांदा का जुळलं नाही. सहा आठवडे मशेरी बंद, विडीला हातही नाही. मग या." मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, पाय दोन बोटांवर आलाय. ते म्हणाले, "मला दिसतंय. पण आता केलं आणि पुन्हा जुळलं नाही तर तिसऱ्यांदा ही पाठ उघडायला मी नाही, आणि दुसरंही कुणी शहाणं उघडणार नाही." त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसावर चिडताही येत नाही, त्यानं आणखी चीड येते.

रिक्षानं घरी आलो. घरात शिरल्यावर मी जे बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. "इतक्या जणांनी विचारलं. एकदा तोंडातून निघालं नाही तुझ्या? चार महिने मी शाळा सोडून दवाखाने हिंडतेय, तुझा भात तोडला, माझी रजा संपली, आणि तू रोज सकाळी पायरीवर बसून सगळ्यावर बोळा फिरवत होतीस." नरसक्का खुर्चीत बसून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते आजवर कधी दिसलं नव्हतं. ती खरोखर गोंधळली होती. शपथ मोडल्याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं, तेही तीस वर्षांनी, माझ्या ओरडण्यातून.

"मला तंबाखू विचारली त्यांनी," ती हळूच म्हणाली. "मशेरी कोन इचारलंच न्हाय." मग माझ्याकडं बघून, अगदी साधेपणानं, "तू तर रोज बगतीस की. तू का न्हाय सांगितलीस?"

टोमणा मारणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिनं खरंच विचारलं होतं, मला माहीत असेल म्हणून. मी आत गेले आणि चहा ठेवला, बिनसाखरेचा, आणि तो उतू जाईस्तोवर बघत उभी राहिले.

डबी तिनं स्वतः नेऊन नालीत उपडी केली. सूप शेजारच्या बाईला देऊन टाकलं, कात्रीसकट. सूप देताना तिचा हात सुटत नव्हता, त्या बाईला ते ओढून घ्यावं लागलं. पुढचे आठवडे म्हणजे नुसता वैताग. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, पाणी दिलं तरी खेकसायची. पेस्टनं दात घासले की थुंकून म्हणायची, "हे काय, नुसतं फेस येतंय. तोंडाला काय कळतच न्हाय." रिकाम्या मांडीवर बोटं चालू असायची. मी दिसले की ती हात पदराखाली घ्यायची. मला वाटायचं, रागवावं हिनं माझ्यावर. एकदा तरी म्हणावं, तू लिहिलंस म्हणून. तिनं म्हटलं नाही. आणि त्या सात आठवड्यांत तिनं एकदाही एमी कादु म्हटलं नाही.

सहाऐवजी सात आठवडे झाले, कारण मधे खोकला झाला. सातव्या रविवारी मी पेन्सिल घेतली. तिनं कपाळावर आठ्या घालून जोर लावला. अंगठा जमिनीवरून हलला नाही. रेघ मारायला जागाच नव्हती.

ऑपरेशन मात्र चांगलं झालं. जखम पिकली नाही, स्क्रू पक्के बसले, वर्षभरानं फोटो काढला तेव्हा हाड जुळून एक झालं होतं. डॉक्टरांनी तो फोटो बराच वेळ उजेडावर धरला आणि पहिल्यांदाच हसले. दुखणं गेलं. पाय आला नाही. दबलेली नस फार दिवस दबली होती, ते म्हणाले. पावलाला प्लॅस्टिकची पट्टी, हातात काठी. कारखान्यात पायी जाणं संपलं, आणि सुपावर वाकणं तर डॉक्टरांनी कायमचंच बंद केलं. मग ती दारात खुर्ची टाकून ताठ बसायला लागली, ज्या चौकटीवर तिच्या पायाच्या रेघा होत्या त्याच चौकटीला टेकून. सळ्या घातल्यामुळं असेल, पण आयुष्यात पहिल्यांदा नरसक्का मला उंच दिसली. अशी ती दीड वर्ष बसली. मग एका सकाळी चहा पिता पिता हृदय थांबलं आणि गेली. पाठीचा त्यात काही संबंध नव्हता.

ती जायच्या महिनाभर आधीची गोष्ट. मागच्या गल्लीतली सुगलाबाई गुडघ्याच्या ऑपरेशनचा फॉर्म घेऊन आली. तीही विडी वळणारी. नरसक्काच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसून मी लिहीत होते. नाव, वय, व्यवसाय. घाई होती, शाळेत जायचं होतं. मी मान वर न करता विचारलं, "तंबाखू?"

"न्हाय ओ ताई," सुगलाबाई म्हणाली. "असलं काय न्हाय आपल्याकडं."

माझं पेन चालू झालं. इतकं सगळं होऊनही चालू झालं, ही माझी अक्कल. वरून काठीचं टोक येऊन माझ्या हातावर टेकलं.

"लिवू नको," नरसक्का म्हणाली. "आदी तिला तोंड उगड म्हन."

सुगलाबाईनं लाजत आ केला. मी बघितलं. नरसक्कानं बघितलं नाही, ती आपल्या डाव्या पायाकडं बघत होती. रकान्यात माझा 'ना' लिहून झाला होता. तो मी खोडला. माझ्या हातच्या फॉर्मवर मी स्वतः केलेली ती पहिली खाडाखोड.